उन्हाळ्याच्या नावावर खपलेल्या झळा

खानदेशात बाईच्या अंगाची लाही झाली तर तिला कोणी कारण विचारत नसे. कारण डोक्यावर तळपतच असायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकतो, धुळ्यालाही काही फार उणं नसतं. दुपारी बारानंतर धुळ्यातला पाचकंदीलचा गजबजलेला परिसरही सुस्तावायचा. अशा मुलखात पंचेचाळिशीची एखादी बाई चुलीपुढून उठून ओट्यावर यायची, पदराने मान पुसायची आणि म्हणायची, "आंगनी लाही व्हस वं माय." शेजारची तिला लगेच सांगायची, "उन्हाया से. व्हस तसं." विषय तिथेच संपायचा.

पण पौषातही तीच बाई मध्यरात्री गोधडी फेकून उठायची. धुळ्याची थंडी उन्हाळ्याइतकीच कडक असते. पारा एक आकडी होतो, पहाटे पाणी हातात घेववत नाही. धाब्याच्या घरात सगळे मुटकुळं करून झोपलेले असायचे आणि ही उघड्या ओट्यावर घाम पुसत बसलेली. तिथे उन्हाळ्याचं कारण पुरायचं नाही. मग कोणी म्हणायचं पित्त झालं, कोणी म्हणायचं नजर लागली. कुणी भगताकडून अंगारा आणून द्यायचं. पाळी जाण्याच्या वयातल्या बाईला हे होतं, एवढी एक गोष्ट मात्र कोणी मोठ्याने बोलत नसे.

मी पांझराकाठी, धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले आणि लग्न होऊन जळगावात आले. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत ज्या बाया चाळिशी ओलांडत होत्या, त्यात माझी आई होती, मोठी माय म्हणजे थोरली काकू होती, नवऱ्याने टाकल्यावर माहेरी परतलेली माझी फुई म्हणजे आत्या होती. त्यांच्यावर तेव्हा काय गुदरत होतं ते मला त्याच वाटेने जाऊन आल्यावर उमगलं. त्यांना मी फार जवळून पाहिलं होतं, त्यांच्याच अंथरुणात झोपले होते. तरी त्यांचं दुखणं मला दिसलं नाही, कारण ते दुखणं आहे हे त्या स्वतःच मानत नव्हत्या.

आपल्याकडे बाईची पाळी साधारण 46-47व्या वर्षी कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत ती सरासरी 51च्या आसपास थांबते, म्हणजे आपल्या बायका चार-पाच वर्षं आधीच या उंबरठ्याशी येतात. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. खरी धामधूम असते ती त्याच्या आधीच्या काळात. त्याला आता दवाखान्यात पेरिमेनोपॉज म्हणतात. बहुतेकींचा तो चारेक वर्षं चालतो, काहींचा आठ-दहा वर्षंही. चाळिशीला लागलेली बाई त्यात कधी शिरली हे तिचं तिलाही कळत नाही.

आमच्या घरात या काळाचं पहिलं लक्षण दिसायचं ते पापडांच्या दिवसांत. तेव्हा पाळीचे चार दिवस बाजूला बसायची रीत होती. बाजूला बसलेल्या बाईने माठाला शिवायचं नाही, देवाकडे जायचं नाही, लोणच्याच्या बरणीवर सावली पडू द्यायची नाही. फाल्गुन-चैत्रात उन्हाळी कामं निघायची. बिबडी, कुरडया, उडदाचे पापड. बिबडीसाठी ज्वारी दिवसचे दिवस भिजवायची, दळायची, मग पहाटे चार वाजता मोठ्या पातेल्यात पीठ शिजायला चढवायचं, कारण ऊन चढायच्या आत धाब्यावर बिबडी घालून व्हायला हवी. गल्लीतल्या दहा-बारा बाया मदतीला यायच्या. ज्यांची पाळी महिन्याच्या महिन्याला येते त्या आपापले दिवस मोजून कामाला हात घालायच्या. मोठ्या मायचं मात्र गणित मोडलं होतं. तिला कधी वीस दिवसांनी यायची, कधी तीन महिने नाही. एका वर्षी पीठ चुलीवर रटरटत असतानाच ती उठून आत गेली आणि बाहेर आली ती बाजूला बसायलाच. तिच्या सासूने ते सगळं पातेलं गुरांपुढे ओतायला लावलं. मोठी माय दिवसभर गोठ्याच्या दाराशी बसून रडली. मला वाटलं पीठ वाया गेलं म्हणून रडते. चार पोरांची आई, घरातली सगळ्यांत राबणारी बाई, तिच्या अंगाने तिला गल्लीसमोर दगा दिला होता, हे कळायचं माझं वय नव्हतं.

श्रावणात कानबाई बसायची तेव्हाही हीच धास्ती. नागपंचमीनंतरच्या रविवारचा तो सण, सगळी भाऊबंदकी एका घरात जमायची, रोटाच्या दळणापासून सोवळं. त्या आधीचा आठवडा मोठी माय आणि आई दोघीही जीव मुठीत धरून असायच्या.

म्हणून पाळी एकदाची गेली की त्या बायांच्या तोंडून जो शब्द निघायचा तो मी विसरले नाही. फुई म्हणाली होती, "सुटनू वं माय." त्यात शोक नव्हता. त्यानंतर तिला देवघर महिन्याचे तीसही दिवस मोकळं झालं. पापडांच्या कामात ती सगळ्यांच्या पुढे बसू लागली. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला पायी निघणाऱ्या लोकांबरोबर ती पहिल्यांदा निर्धास्त चालत गेली. आज या विषयावर जे काही वाचायला मिळतं त्यात तारुण्य सरलं, बाईपण गेलं असा सूर फार असतो. आमच्या गल्लीतल्या बायांना असं काही वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी तो बढतीचा काळ होता. मला तो भाव आजही खरा वाटतो आणि तो आपण हरवला याचं वाईट वाटतं. पण बढतीच्या आधीची ती पाच-सात वर्षं त्यांनी कशी काढली, हे आठवलं की त्या काळाचं कौतुक करायला जीभ उचलत नाही.

एक तर त्याच वर्षांत घरात सून यायची. लग्नं लवकर व्हायची, त्यामुळे बेचाळीस-पंचेचाळिशीला बाई सासू झालेली असायची. रात्रीची झोप मोडलेली, अंगावर सारखं जातंय, छातीत मध्येच धडधडतंय, आणि घरात एक नवी, कोवळी, भरपूर झोपणारी पोर आलेली. खानदेशातल्या किती सासवा-सुनांची वैरं त्या मोडलेल्या झोपेतून उभी राहिली असतील! आमच्या समोरच्या घरातल्या मामी सुनेवर इतक्या डाफरायच्या की गल्ली त्यांना कजाग म्हणायची. त्याच मामी पन्नाशीनंतर इतक्या निवल्या की नातसुनेला स्वतः चहा करून द्यायच्या. लोक म्हणायचे, वयाने शहाणपण आलं. मला आता वाटतं, त्यांना झोप लागायला लागली.

दुसरं म्हणजे उशिराची बाळंतपणं. पाळी चुकली की बाईला वाटायचं, चला, संपलं. आणि चौथ्या महिन्यात पोट दिसायचं. आई आणि लेक एकाच वर्षी बाळंत झाल्या, मामा भाच्यापेक्षा धाकटा निघाला, अशी घरं त्या वेळी गावोगाव होती. त्या बायांना जावयासमोर यायची लाज वाटायची. ती भानगड आजही टळलेली नाही. पाळी अनियमित झाली तरी अधूनमधून बीज सुटत असतं. म्हणून पन्नाशीनंतर पाळी थांबली असेल तर पुढचं एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत थांबली असेल तर दोन वर्षं गर्भनिरोधनाची काळजी घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. ज्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली नाही त्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

आत काय चाललेलं असतं, ते मला जळगावच्या एका डॉक्टरबाईंनी कागदावर आलेख काढून सांगितलं होतं. माझी समजूत होती की वय वाढतं तसं संप्रेरक हळूहळू कमी होत जातं. तसं नसतं. शेतातल्या मोटारीला येणारी वीज आठवा. ती कधी एकदम दाबाने येते, कधी पडते, आणि मोटार जळते ती या चढउताराने. इस्ट्रोजेनचं या वर्षांत असंच होतं. ज्या महिन्यात बीज सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर मग जाड होत राहतं, पाळी उशिरा येते आणि आली की धो धो जाते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र असतं ते याच चढउताराने हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी त्याला फार तापल्यासारखं वाटतं आणि ते घाम सोडून अंग थंड करायला धावतं. छातीपासून वर चढणारी ती झळ एक ते पाच मिनिटं राहते, मग अंग गार पडतं. खांदा जखडणं, सांधे धरणं, नावं न आठवणं, विनाकारण रडू येणं, लघवीची जळजळ, जवळिकीच्या वेळी कोरडेपणाने होणारा त्रास, ही सगळी त्याच घरची पिलावळ. आईचा उजवा हात तिच्या शेहेचाळिसाव्या वर्षी वर जाईनासा झाला होता. तिची वेणी दोन वर्षं मी घातली. त्या दुखण्याचा पाळीशी काही संबंध असू शकतो हे आमच्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पण झळा, घाम, चिडचिड यांनी कोणी मरत नाही. अंगावर जाण्याने बाई आतून पोखरली जाते, आणि तिथे आमच्या मुलखाने फार मोठी किंमत मोजली. कापसाची वेचणी दसऱ्यापासून सुरू व्हायची ती पौषापर्यंत. कमरेला ओटी बांधून बाया सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत वाकून वेचायच्या. शेतात आडोसा नाही, पाणी नाही. जुन्या लुगड्याची फडकी, तीही दुपारपर्यंत भिजून जड झालेली. आमच्या शेतात येणारी एक बाई, तिला सगळे आक्का म्हणायचे, दोन ओळी वेचल्या की बांधावर बसायची. ओठ पांढरे, पाय सुजलेले. मुकादम म्हणायचा, आक्का आता आळशी झाली. तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. ती अट्ठेचाळीसची होऊन गेली, आणि काय होऊन गेली हे कोणी विचारलं नाही. "बाईच्या जातीला हे चालायचंच," एवढं एक वाक्य सगळ्यांना पुरलं.

हे आमच्याच गावात होतं असं नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 बायकांची तपासणी केली आणि त्याचे निष्कर्ष 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार होता आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त 8 टक्के. जगाने तो आकडा डोळे विस्फारून वाचला. आमच्या गल्लीतल्या बायांना मात्र त्यात नवल वाटलं नसतं. अजूनही परिस्थिती पुरती पालटलेली नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. कमी रक्ताची बाई चाळिशीच्या या वळणाला लागते आणि उरलेलं रक्तही अंगावर जातं.

नंतर तालुक्याच्या गावांमध्ये खाजगी दवाखाने आले, सोनोग्राफी आली आणि बायांना एक नवी वाट दिसली. पिशवी काढायची. आधी कोणी विचारायचं नाही, आता विचारलं की पहिलं उत्तर हेच. पारोळ्याच्या बाजारात, चोपड्याच्या एसटी स्टँडवर बाया एकमेकींना सांगू लागल्या, मी काढली, तूही काढून टाक, कटकट जाते. माझ्या सख्ख्या मामेबहिणीची पिशवी तिच्या छत्तिसाव्या वर्षी काढली. जास्त जातंय एवढीच तक्रार होती. गोळ्या देऊन पाहिल्या नाहीत, पिशवीतला तुकडा तपासायला पाठवला नाही. "ठेवली तर कॅन्सर होईल," एवढं ऐकल्यावर घरच्यांनी कांद्याच्या पट्टीचे पैसे आणून भरले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती, हे तिला चार वर्षांनी कळलं, जेव्हा घसरून पडल्याचं निमित्त होऊन तिचं मनगट मोडलं. अंडाशयं काढली की जो बदल निसर्ग सात-आठ वर्षांत घडवतो तो एका रात्रीत होतो. हाडं आणि हृदय दोन्हींवर त्याचा भार पडतो. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याचा संभव राहतो.

बीडचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला धक्का बसला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने 2019 साली तिथल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीच नको. आमच्या चाळीसगाव-साक्रीकडूनही कोयत्याला माणसं जातात, त्यामुळे ही बातमी आम्हाला परकी नव्हती. पुढे 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं मला संतापाने म्हणावंसं वाटतं. पिशवी काढायची वेळ कधीकधी खरंच येते. मोठ्या गाठी असतात, कर्करोग असतो. पण चाळिशीतल्या जास्त जाण्यावर तो शेवटचा उपाय आहे. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या. गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची तांबी आहे, तिने पाच वर्षं रक्तस्राव अगदी थोडा होतो. आक्काला यातलं काही मिळालं असतं तर ती नातवंडं पाहून गेली असती.

आताचं जळगाव बघा. पहाटे मेहरूण तलावाकाठी बायका बूट घालून चालतात, त्यात चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी. दुपारच्या उन्हात सनकोट आणि स्कार्फ गुंडाळून त्या स्कूटरवरून शाळेत, बँकेत, कचेरीत जातात. बाजूला बसणं बहुतेक घरांतून गेलं, पॅड आले, फ्रीज आला, बिबडी विकत मिळते. झळ आली तर पंखा पाचवर करता येतो. आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये "मला आत्ता झळ आली, खिडकी उघड" असं म्हणू शकतो. माझ्या आईने हे वाक्य आयुष्यात उच्चारलं नाही.

पण आताच्या चाळिशीला वेगळाच पेच आहे. लग्न उशिरा, मूल उशिरा, त्यामुळे आईची पाळी जायची वेळ आणि लेकीची यायची वेळ एका घरात एकदमच येते. त्यात लेकीची दहावी, सासऱ्यांचा गुडघा, शाळेची निवडणूक ड्यूटी. एकत्र कुटुंबात मोठ्या मायने दोन दिवस अंग टाकलं तर भाकऱ्या थापायला दुसरे हात होते. आता ती झोपली तर चूल झोपते. बाहेर पडलं तर स्वच्छतागृहाचा प्रश्न वेगळाच. धुळ्याहून जळगावला एसटीने येताना एरंडोल-पारोळ्याच्या स्टँडवर जास्त जाणाऱ्या बाईने कुठे जावं? मी कित्येकदा पाणी न पिता, काळी साडी नेसून हा प्रवास केला. एसटीत कंडक्टर म्हणून काम करणाऱ्या बायका हे रोज करतात.

आणि एक नवी खोड लागली आहे, तिची मला फार काळजी वाटते. कानबाई असो, गौरी असोत, घरात लग्न असो, मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या. बाजूला बसणं गेलं, पण देवाजवळचा विटाळ गेला नाही, तो गोळीत जाऊन बसला. चाळिशीच्या पुढे, वजन वाढलेलं, रक्तदाब असलेला, तरी चिठ्ठीशिवाय गोळ्या घेतल्या जातात. रक्ताची गुठळी व्हायचा धोका त्यात असतो. शिवाय पाळी मुळात कशी येत होती, याचा माग पुसला जातो आणि पुढे डॉक्टरांना निदान करायला काही उरत नाही. ज्या फुईने देवासाठी पाळी जायची वाट पाहिली, तिची भाची देवासाठी गोळी घेते. देवी कानबाई स्वतः बाई आहे. तिला आपल्या पाळीची अडचण होत असेल असं मला तरी वाटत नाही.

तपासण्यांचंही असंच. पूर्वी एकही होत नसे, आता पाकिटंच्या पाकिटं निघाली आहेत. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला पाळी अनियमित होणं आणि झळा येणं एवढ्यावरून डॉक्टर निदान करू शकतात. एफएसएच नावाची संप्रेरकाची तपासणी या काळात रोज वेगळा आकडा दाखवते, तिचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, रक्तदाब या साध्या गोष्टींचा. थायरॉईड बिघडलं तरी थकवा, घाम, धडधड, उदासी हेच होतं, म्हणून ते पाहायलाच हवं.

संप्रेरकांच्या उपचाराचं नाव काढलं की आजही बायका दचकतात. त्याला कारण आहे. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला आणि तो अभ्यास अर्धवट थांबवला गेला. बातमी जगभर पोचली. त्या अभ्यासातल्या पुष्कळ बायका साठी ओलांडलेल्या होत्या, ही पुढची गोष्ट मात्र मागे राहिली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, ज्यांना फार त्रास आहे आणि दुसरी अडचण नाही, अशा बायकांना त्याचा फायदा धोक्याहून जास्त, असं आता तज्ज्ञ मानतात. नोव्हेंबर 2025मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधांवरची ठळक धोक्याची सूचना काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला, गुठळी झाली, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव आहे, त्यांच्यासाठी हे उपचार नाहीत. मी स्वतः दोन वर्षं डॉक्टरांच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेनची जेल लावली, सोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी घेतली, आणि पुन्हा रात्रीची झोपू लागले. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र जुन्या बाया आपल्या पुढे होत्या, त्यांना ठाऊक नसताना. कळण्याची भाकरी, तिळाची चटणी, जवसाची चटणी, उडदाची डाळ, हिवाळ्यात मेथीचे लाडू, पावसाळ्यात रानभाज्या. डोक्यावर पाटी, पाठीवर ऊन, हाडांना भार आणि ड जीवनसत्त्व दोन्ही मिळायचं. पाळी गेल्यावर पाच-सात वर्षांत हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत उतरू शकते, म्हणून त्या आधीची ठेव मोलाची. आपण सनकोटात गुंडाळलेल्या, खुर्चीत बसलेल्या, आणि सणाला काय, पाहुण्याला काय, तर्रीदार शेवभाजी. जवसाने झळा थांबतात याचा पक्का पुरावा नाही, तरी चटणी पानात असावी. रात्रीच्या जेवणातलं तिखट आणि नंतरचा चहा सोडल्यावर माझ्या झळा उतरल्या, हा माझा अनुभव. हातात दोन किलोची डंबेल्स घेणं माझ्या आईला चमत्कारिक वाटलं असतं. तिने आयुष्यभर पाण्याचे हंडे वाहिले होते.

सरकारी आरोग्य व्यवस्थेने या वयाकडे पाठ फिरवली ती मात्र तेव्हाही आणि आताही. तिच्या नोंदवहीत बाई असते ती पात्र जोडप्यातली, गरोदर माता, स्तनदा माता. पंचविशी-तिशीत शस्त्रक्रिया झाली की तिचं पान बंद. 2022च्या नवरात्रात राज्याने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढून सज्ञान बायकांची तपासणी केली, ते चांगलं झालं. आशाताई आता तिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब, साखर, कर्करोगाची लक्षणं विचारायला घरी येतात. त्याच कागदावर एक ओळ वाढवावी: पाळी कशी येते, किती जाते, झोप लागते का. आशाताई स्वतःही बहुतेक याच वयाच्या आहेत. धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही 2018पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे आठवड्यातली एक ओपीडी चाळिशीच्या बायकांसाठी ठेवायला फार पैसा लागणार नाही.

मला सगळ्यांत जास्त आठवते ती आखाजी. भर वैशाखातला सण, लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, घरोघरी खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. पोरी झोक्यावर गायच्या आणि मोठ्या बाया पारावर बसून हलक्या आवाजात बोलायच्या. आम्ही जवळ गेलो की गप्प व्हायच्या. काय बोलत असतील? मला आता खात्री वाटते, हेच बोलत असतील. किती जातंय, झोप येत नाही, घरधनी रागावतो, तुला पण होतं का. औषध नव्हतं, पण चार जणींना होतं एवढं तरी कळायचं. आजच्या फ्लॅटमधल्या बाईला डॉक्टर आहे, गोळी आहे, आणि हा पार नाही. गावी अजून आखाजी भरते, झोके बांधले जातात. या वेळी तिथे जाल तेव्हा पोरी जवळ आल्या तर गप्प बसू नका, त्यांना ऐकू द्या. मुलांनाही. माझ्या वडिलांना आईच्या चिडण्याचं कारण मरेपर्यंत कळलं नाही. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि प्रत्येकीला माझं एवढं सांगणं आहे. चाळिशी लागली की पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर तासाला पॅड बदलावा लागत असेल, गाठी जात असतील, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय आणि अंडाशयं ठेवणार की काढणार हे विचारल्याशिवाय कागदावर सही करू नका.